मुंबई–दिल्ली विमानाचं अंतर नेमकं किती, आणि दर ठिकाणी आकडा वेगळा का दिसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अंतर काढायच्या साइटवर मुंबई ते दिल्ली १,१३८ किलोमीटर येतं, ट्रॅकर ॲपवर त्याच फ्लाइटचं साडेबाराशेच्या पुढे दिसतं, राजधानी १,३८४ किलोमीटर धावते, मग खरं कुठलं? वेळेचाही तोच घोळ, साइट म्हणते पावणेदोन-दोन तास, तिकिटावर सव्वादोन, आणि पायलट हवेत गेल्यावर सांगतो की एक तास चाळीस मिनिटांत पोचतोय. शिवाय येताना जास्त वेळ का लागतो आणि नवी मुंबईहून गेलो तर काही फरक पडेल का. मी फ्लाइट डिस्पॅचमध्ये काम करतो, म्हणजे विमान सुटायच्या आधी त्याचा रूट, इंधन, अल्टरनेट (ठरल्या जागी उतरता आलं नाही तर जायचं दुसरं एअरपोर्ट) हे सगळं बसवून कॅप्टनच्या हातात द्यायचं, आणि हा सेक्टर आमच्या टेबलावर दिवसरात्र असतो, म्हणून जरा पसरून लिहितो.

आधी १,१३८ चं बघू. हा आकडा चूक नाहीये, पण तो कशाचा आहे ते कळलं पाहिजे. प्रत्येक एअरपोर्टचा एक रेफरन्स पॉइंट ठरलेला असतो, साधारण रनवेंच्या मधोमध. मुंबईचा अंदाजे १९ अंश ५ मिनिटं उत्तर, ७२ अंश ५२ मिनिटं पूर्व, आणि दिल्लीचा २८ अंश ३४ मिनिटं उत्तर, ७७ अंश ६ मिनिटं पूर्व. या दोन बिंदूंमध्ये पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जाणारी सगळ्यात छोटी रेघ, ज्याला ग्रेट सर्कल म्हणतात, ती मोजली की हा आकडा निघतो. पृथ्वी अगदी गोल धरली तर १,१३८, आणि ध्रुवांकडे जराशी चपटी आहे हे हिशोबात घेतलं तर १,१३५ च्या आसपास, म्हणून दोन साइट्समध्ये तीन-चार किलोमीटरचा फरक दिसतो. त्यावर वाद घालणाऱ्यांना एवढंच सांगतो की मुंबईचा मेन रनवेच जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब आहे. मैलात हेच अंतर साधारण ७०७, आणि आम्ही वापरतो त्या नॉटिकल मैलात ६१४. ७०७ आणि ६१४ यांची गल्लत लोक फार करतात, दोन्हीला मैलच म्हणतात ना, आणि मग कुणी ६१४ ला १.६ ने गुणून हजारच्या खाली अंतर आणतो.

साइटवरची वेळ मात्र मी तरी मनावर घेत नाही. बऱ्याच साइट्स ताशी ५०० मैल धरतात, अंतराला भागतात आणि टेकऑफ-लँडिंगचे म्हणून वर अर्धा तास चिकटवतात. ७०७ भागिले ५०० म्हणजे साधारण एक तास पंचवीस मिनिटं, अधिक तीस, झाले एक पंचावन्न. यात ना वारा आहे, ना मुंबईची लाइन, ना दिल्लीचं टॅक्सीइंग, म्हणजे रनवे ते गेट जमिनीवरून चालत जाणं.

आता विमान खरंच कुठून जातं. नकाशावर सरळ रेघ मारली तर ती उत्तर-ईशान्येला, उत्तरेपासून साधारण २२ अंश पूर्वेकडे कलून जाते, म्हणजे दाहोद–रतलामच्या पट्ट्यावरून, पुढे कोट्याच्या जरा पश्चिमेकडून आणि जयपूर डाव्या हाताला ठेवून दिल्ली. प्रत्यक्ष एअरवे, म्हणजे आखून दिलेले हवाई मार्ग, याच पट्ट्यात आहेत पण रेघेवर नाहीत, कारण मध्ये वायुदलाची राखीव हवाई क्षेत्रं आहेत, जाणारी आणि येणारी विमानं वेगळ्या मार्गांवर ठेवायची असतात, आणि वेपॉइंट, म्हणजे आकाशातले ठरलेले बिंदू, त्यांवरून जावं लागतं. तरी खरं सांगायचं तर मधल्या भागात फारसं अंतर वाढत नाही, आणि ट्रॅफिक कमी असेल तर कंट्रोलर शॉर्टकट पण देतो. वाढतं ते दोन्ही टोकांना.

मुंबईत वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून असतो म्हणून २७ नंबरचा रनवे चालू असतो, म्हणजे विमान घाटकोपरच्या बाजूने येऊन उतरतं आणि जुहूच्या बाजूला समुद्रावर उडतं. दिल्लीला जायचंय उत्तरेला आणि निघालोय पश्चिमेला, त्यामुळे आधी समुद्रावर जाऊन मग उजवीकडे वळायचं. तिकडे दिल्लीतही वारा बराच काळ पश्चिमेचाच, म्हणून विमानं पूर्वेकडून उतरतात. तुम्ही येताय दक्षिणेकडून, तर एअरपोर्ट बाजूला ठेवून पूर्वेला जायचं आणि उलट वळून पश्चिमेला तोंड करून फायनलला, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर, यायचं. वर समोर चार विमानं असली की कंट्रोलर डावीकडे-उजवीकडे फिरवत अंतर राखतो, त्याला व्हेक्टरिंग म्हणतात. हे सगळं ट्रॅकर ॲप पॉइंटला पॉइंट जोडून मोजतं, म्हणून त्याचा आकडा साडेबाराशे, तेराशे असा येतो, आणि तो त्या दिवसापुरता खराच असतो. उद्या तीच फ्लाइट वेगळा आकडा दाखवेल.

वेळेचं गणित मी असं मांडतो. तिकिटावरची वेळ ही ब्लॉक टाइम असते, गेटवरून विमान मागे ढकललं तिथपासून दुसऱ्या गेटवर चाकांना चॉक, म्हणजे अडवायचे ठोकळे, लागेपर्यंत. पायलट सांगतो ती हवेतली वेळ. ए३२० सारखं विमान ३५ हजार फुटांवर जायला वीस-बावीस मिनिटं घेतं, त्यात २०० किलोमीटरच्या वर अंतर कापलेलं असतं. उतरणं सुरू होतं गंतव्याच्या साधारण ११०–१२० नॉटिकल मैल आधी, दर हजार फुटाला तीन नॉटिकल मैल हा जुना ठोकताळा, म्हणजे दिल्लीला जाताना जयपूर बाजूला आलं की नाक खाली. मग सरळ क्रूझ उरते किती, तर पंचेचाळीस-पन्नास मिनिटं. जेवणाची ट्रॉली मागच्या रांगेपर्यंत पोचते न पोचते तोच केबिन क्रूला आवरायला सांगतात ते याचमुळे. हवेतले साधारण एक तास पस्तीस ते पन्नास मिनिटं, त्यात मुंबईत टेकऑफच्या आधीची रांग आणि दिल्लीत उतरल्यावरचं टॅक्सीइंग मिळून पंचवीस ते पस्तीस मिनिटं, की झाले सव्वादोन तास.

एअरलाइन त्यात थोडी हवा भरते हेही खरं आहे. ऑन-टाइम म्हणजे वेळापत्रकाच्या पंधरा मिनिटांच्या आत, असा हिशोब असतो, त्यामुळे ब्लॉक टाइम सैल ठेवला की आकडेवारी छान दिसते. लोक याला फसवणूक म्हणतात, मला तसं वाटत नाही. कडक वेळ लावून रोज चाळीस मिनिटं उशिरा पोचवण्यापेक्षा आधीच खरी वेळ छापलेली बरी, निदान पुढची कनेक्टिंग तरी त्या हिशोबाने घेता येते.

येताना जास्त वेळ का, याचं उत्तर मुख्यतः वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर ३०–४० हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे जोराच्या वाऱ्याचा पट्टा, वाहते, शंभर नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) वर वारा असणं त्या दिवसांत नेहमीचंच. आता मार्ग उत्तर-दक्षिण आहे म्हणून हा वारा बराचसा आडवा लागतो, पण मार्ग २२ अंश पूर्वेकडे कललेला असल्यामुळे शंभर नॉटमधले साधारण ३७ नॉट जाताना पाठीमागून मिळतात आणि येताना तेवढेच समोरून. शिवाय आडव्या वाऱ्यात नाक तिरकं धरून उडावं लागतं, त्यात आणखी दहाएक नॉट जातात, आणि हे नुकसान दोन्ही दिशांना होतं. विमानाचा हवेतला वेग ४५० नॉट धरा, तर जाताना जमिनीवरचा वेग ४७७ च्या आसपास आणि येताना ४०३. पूर्ण मार्गभर असा वारा असता तर जाण्या-येण्यात चौदा-पंधरा मिनिटांचा फरक पडला असता, पण जेटचा जोर मार्गाच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात असतो म्हणून प्रत्यक्षात आठ-दहा मिनिटं. पावसाळ्यात ही जेट उत्तरेला सरकते, मुंबईच्या अक्षांशावर वरचा वारा उलटा पूर्वेकडून येतो, आणि तेव्हा दोन्हीकडची हवेतली वेळ जवळपास सारखी होते. मग तुमचे येतानाचे उरलेले दहा मिनिटं कुठे जातात? मुंबईच्या आकाशात घिरट्या घालण्यात.

जाता जाता एक गंमत, पुढच्या वेळी पायलटची अनाउन्समेंट नीट ऐका. मुंबईहून दिल्लीला जाताना उंची ३३, ३५ किंवा ३७ हजार फूट सांगेल, येताना ३४ किंवा ३६. पूर्वेकडच्या अर्ध्या वर्तुळात जाणाऱ्यांना विषम आणि पश्चिमेकडच्यांना सम, असा नियम आहे. २२ अंशांची दिशा पूर्वेच्या अर्ध्यात मोडते आणि परतीची २०२ पश्चिमेच्या, त्यामुळे समोरासमोरची विमानं हजार फुटांच्या अंतराने एकमेकांच्या वरखालून जातात.

मुंबईचं दुखणं जागा हे आहे. सगळं एअरपोर्ट साधारण १,८५० एकरात, दिल्लीकडे ५,१०० एकरांच्या वर. मुंबईत रनवे दोन आहेत, ०९/२७ आणि १४/३२ (प्रत्येकाच्या दोन टोकांचे हे दोन नंबर), पण ते एकमेकांना छेदतात म्हणून एका वेळी एकच चालतो, आणि १४/३२ वापरायची वेळ आली की तासाला होणारी विमानं आणखी कमी होतात. मिठी नदी मेन रनवेच्या खालून जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा एअरपोर्ट पाण्याखाली गेलं होतं. जुलै २०१९ मध्ये पावसात एक विमान उतरून मेन रनवेच्या पुढे गवतात जाऊन रुतलं आणि ते काढेपर्यंत काही दिवस सगळा भार दुसऱ्या रनवेवर. अशा जागेवर डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात १,००७ विमानांची ये-जा झालेली आहे, आणि हे एकाच चालू रनवेवर, याचं श्रेय टॉवरमधल्या लोकांना द्यायलाच हवं. पण याची किंमतही आहे, एक विमान जरी रनवेवरून बाहेर पडायला अर्धा मिनिट रेंगाळलं तरी मागची सगळी माळ ढिली पडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने गर्दीच्या वेळची मर्यादा तासाला ४६ वरून ४४ वर आणली, कारण विमानं ४०-४० मिनिटं वर फिरत होती. होल्डिंगमधलं, म्हणजे वर घिरट्या घालत थांबलेलं ए३२० मिनिटाला ३५–४० किलो इंधन जाळतं, आता तुम्हीच गुणून बघा.

दिल्लीचं दुखणं वेगळं. तिथे रनवे चार आहेत, चौथा जुलै २०२३ मध्ये सुरू झाला आणि त्याच वेळी रस्त्याच्या वरून पुलासारखा जाणारा ईस्टर्न क्रॉस टॅक्सीवेही, त्यामुळे टॅक्सीइंग कमी झालं, पण कुठला रनवे आणि कुठलं टर्मिनल मिळतं यावर अजूनही पाच मिनिटं की वीस ते ठरतं. आणि हिवाळ्यातलं धुकं. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी नियामक, १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा फॉगचा काळ धरतं, त्यात दिल्लीच्या फ्लाइटवर कॅट-३, म्हणजे अगदी कमी दिसत असताना उतरायचं, ट्रेनिंग झालेला क्रू लागतो. कॅट-३बी मध्ये रनवेवर ५० मीटर दिसत असेल तरी उतरता येतं, पण टेकऑफला त्यापेक्षा जास्त, साधारण १२५ मीटर लागतात, त्यामुळे विमानं उतरतायत पण सुटत नाहीत, पार्किंग भरत जातं आणि मुंबईत बसलेल्या प्रवाशाला सांगितलं जातं की दिल्लीचं क्लिअरन्स नाही. प्रवासी म्हणतो इथे तर लख्ख ऊन आहे.

कागदावर हे कसं दिसतं ते जानेवारीतल्या रात्रीच्या एका फ्लाइटवरून सांगतो, आकडे ढोबळ आहेत पण प्रमाण बरोबर आहे. टॅक्सीला अडीचशे किलो. मुंबई ते दिल्ली ट्रिप फ्युएल साडेचार टन. त्यावर पाच टक्के कंटिन्जन्सी, म्हणजे अंदाज चुकला तर म्हणून, सव्वादोनशे किलो. दिल्लीला उतरता आलं नाही तर अल्टरनेटपर्यंत जायला दीड टन. तिथे पोचल्यावरही हात न लावायचा असा अर्ध्या तासाचा फायनल रिझर्व्ह, अकराशेच्या आसपास. आणि धुक्यात वर थांबावं लागेल म्हणून पंचवीस मिनिटांचं एक्स्ट्रा, टनभर. बेरीज साडेआठ टनांच्या वर जाते. त्यातलं तुमच्या ६१४ नॉटिकल मैलांसाठी निम्मंच, बाकीचं सगळं ‘नाहीच उतरता आलं तर’ यासाठी. अल्टरनेट निवडणं हे तर खरं डोकेदुखीचं काम, कारण धुकं काही फक्त पालमवर, म्हणजे दिल्ली एअरपोर्टवर, पडत नाही, लखनौ, अमृतसर, चंदीगड सगळं एकदम झाकलं जातं, जयपूर मोकळं असतं पण तिकडे सगळेच धावतात आणि पार्किंग संपतं. मग अहमदाबाद किंवा भोपाळ टाकायचं, इंधन आणखी वाढवायचं, वजन वाढलं म्हणून कधीकधी कार्गो खाली ठेवायचा, आणि कार्गोवाल्यांचे फोन ऐकायचे.

या जोडीचा इतिहास कुणी विचारलेला नाही, पण तो असा आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणलं ते जुहूला, दिल्लीचा त्यात संबंध नव्हता. मुंबई–दिल्ली सेवा टाटांनी १९३७ मध्ये सुरू केली, इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे थांबे घेत. तेव्हा मुंबईचं टोक जुहू होतं आणि दिल्लीचं विलिंग्डन, म्हणजे आजचं सफदरजंग, त्यामुळे आजची एअरपोर्टची जोडी तेव्हा नव्हतीच. पावसाळ्यात जुहूचा चिखल व्हायचा म्हणून टाटांना आपला कारभार पुण्याला हलवायला लागायचा. सांताक्रूझ आणि पालम ही दोन्ही दुसऱ्या महायुद्धातली लष्करी मैदानं, पुढे नागरी झाली, आणि पालमला दिल्लीचं मुख्य प्रवासी काम १९६२ मध्ये गेलं. माझा सगळ्यात आवडता भाग १९४९ चा, रात्रीच्या हवाई टपालाचा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारही बाजूंनी विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्या अदलाबदल करायच्या आणि पहाटेपर्यंत परत आपापल्या गावी. नागपूरमार्गे मुंबई–दिल्ली अंतर दीड हजार किलोमीटरच्या वर भरतं, तरी सकाळी पत्र हातात, कारण तिथे अंतरापेक्षा अदलाबदल वेळेत होणं महत्त्वाचं होतं.

दिल्लीच्या हवाई क्षेत्राबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगायची तर १२ नोव्हेंबर १९९६ ची चरखी दादरीची टक्कर. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं जंबो आणि उतरायला येणारं कझाकस्तानचं विमान हवेत धडकलं, ३४९ माणसं गेली. तेव्हा येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच कॉरिडॉर होता. त्यानंतर ते वेगळे केले गेले आणि विमानात टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची झाली. तुमच्या फ्लाइटला ‘उगाच’ वळसा घालून उतरवतात तेव्हा त्या वळशामागे हेही आहे.

आता नवी मुंबई. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली, कोड एनएमआय, जुन्या मुंबईचा बॉम तसाच आहे. दोन्ही एअरपोर्ट हवेतून पंचवीस किलोमीटरच्या आत आहेत, आणि दिल्लीचं सरळ अंतर काढलं तर फरक जेमतेम दोन-तीन किलोमीटर, म्हणजे तिकिटावर दिसण्यासारखा काहीच नाही. वर आकाश दोघांचं सामायिकच आहे, त्यामुळे तिकडून गेलं म्हणजे रांग नाही असं समजू नका, सिक्वेन्सिंग, म्हणजे विमानांना एकामागोमाग ओळीत लावणं, एकत्रच होणार. फरक पडेल तो घरापासून एअरपोर्टपर्यंतच्या वेळेचा. पनवेल, खारघर, पुणे बाजूच्यांना फायदा आहे, बोरिवलीहून निघणाऱ्याने तिकीट स्वस्त दिसलं म्हणून नवी मुंबई घेतली तर हवेत असेल त्यापेक्षा जास्त वेळ तो टॅक्सीत असेल.

आणि दिल्लीहून पुढची परदेशी फ्लाइट धरायची असेल तर ब्लॉक टाइमवर जाऊ नका. दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर असतील आणि दोन्ही टी३ वरून असतील तर तीन तास पुरतात, वेगवेगळी तिकिटं असतील तर पाच ठेवा, कारण टर्मिनल बदलावं लागू शकतं आणि बॅग पुन्हा चेक-इन करावी लागते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दिल्लीला उतरणारी फ्लाइट शक्यतो घेऊच नका, धुकं सगळ्यात दाट पहाटे चार ते सकाळी दहा या वेळेत असतं. आदल्या संध्याकाळची घ्या, टर्मिनलवर रात्र काढायला लागली तरी चालेल.